शेषरावाची मारुली

आमच्या घरात पाला शिरला तो माझ्या मेहुण्यामुळे. मेहुणा म्हणजे शेषराव, माझ्या बायकोचा, सोजराबाईचा, धाकटा भाऊ. लढाईत तो फौजेच्या सामानाची मोटार चालवत होता. इजिप्त झालं, इटली झालं, शेवटी ग्रीस देशात होता. लढाई संपली, फौजेनं त्याला सोडलं, आणि तो चिखलीला आमच्या घरी येऊन ओसरीवर बसला. बसला तो बसलाच. बोलणं नाही, हसणं नाही, जेवणाचं तर नावच नको. सोजराबाईनं ताट पुढे ठेवलं की उत्तर न येणाऱ्या प्रश्नाकडे परीक्षेत पोरं बघतात तसा तो ताटाकडे बघायचा. एखादा घास मोडायचा आणि ताट सरकवून द्यायचा. सरकारनं चारून चारून त्याच्या अंगावर जे काही चढवलं होतं ते आमच्या ओसरीवर रोज थोडं थोडं उतरत होतं.

त्याची बायको कोकिळा दुसरबीडला माहेरी होती. नवरा फौजेत गेला तेव्हापासून तिथंच. आता तो परत आला तर ती यायला हवी, पण तिच्या बापाच्या, उकंडरावांच्या, कानावर भलतंसलतं गेलं होतं. त्यांनी निरोप धाडला, "येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी येतो. जवाई मानसात असला त पोरगी पाठवतो. नसला त आमाले आमचा रस्ता पाहू द्या." निरोप आणणारा माणूस एवढं बोलून चहा पिऊन गेला आणि सोजराबाई चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसली.

मी चिखलीच्या शाळेत मास्तर. भूगोल आणि गणित शिकवतो. घरात संकट आलं की मास्तरानं काहीतरी उपाय सुचवावा अशी लोकांची अपेक्षा असते, आणि मास्तराला काही सुचत नाही हे फक्त मास्तराच्या बायकोला ठाऊक असतं. त्यामुळे उपाय तिनंच केला. शेषरावासमोर बसली आणि म्हणाली, "काय खातं तू? एक डाव सांग तरी बे! मी जिवाचं रान करून आनतो."

मग शेषराव म्हणाला, "मारुली."

महिनाभरात तोंडातून निघालेला हा पहिला शब्द, आणि तो कोणालाच कळला नाही.

आमच्या भिंतीला लागून रंगराव राहतात. पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त झाले, पण चौकशीची सवय सरकारनं परत घेतली नाही. भिंतीवरून त्यांचं डोकं वर आलं. "काय म्हनला? मारुली? अवो मास्तर, मारुती म्हनला असन तो! लढाईत नवस बोलला असन, अन् फेडाचा राह्यला. म्हनून अन्न जात नाई. सोपं हाये."

इतकं सोपं उत्तर ऐकून मला वाईट वाटलं, कारण ते मला सुचायला हवं होतं. शनिवारी आम्ही शेषरावाला मारुतीच्या देवळात नेलं. रुईच्या पानांची माळ, तेलाची वाटी, नारळ, सगळं रीतसर. आळीतली निम्मी माणसं मागे. रंगरावांनी मूर्तीवर तेल ओतलं, त्यातलं बरंचसं माझ्या कोटावर आलं. हा कोट माझ्या लग्नातला, आणि शाळेच्या तपासणीच्या दिवशी घालायला मी तो जपून ठेवला होता. शेषरावानं तेलानं निथळणाऱ्या माळेतलं एक पान हातात घेतलं. वास घेतला. पान परत ठेवलं आणि म्हणाला, "हे नोहे."

लोकांनी जयजयकार केला. माणूस बोलला, देव पावला! मी मात्र कोट झटकत घरी आलो, आणि मला पहिल्यांदा जाणवलं, की हा पानाबद्दल बोलतोय.

मग मी स्वतः परीक्षा घेतली. ग्रीस मला पाठ आहे. त्याचा किनारा कसा फाटका आहे, तिथं द्राक्षं होतात, संगमरवर निघतो, हे मी दरवर्षी पोरांकडून घोकून घेतो. पण त्या देशातला माणूस दुपारी काय जेवतो हे भूगोलात दिलेलं नाही. शेषरावाकडून एकेक शब्द उपसून काढावा लागला. मारुली म्हणजे पाला. कोबी? नाही. पालक? नाही. लांब पान, पातळ, कुरकुरीत. तंबाखूसारखं बारीक चिरायचं. त्यात पातीचा कांदा, शेपू, मीठ, लिंबू. वरून तेल, तिकडचं, हिरवं.

"शिजवायचं किती?" मी विचारलं.

"कच्चं."

"आणि फोडणी?"

त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं.

सोजराबाई दारातून ऐकत होती. "फोडनी नाई, शिजवनं नाई, मंग त्याले जेवन काऊन म्हनते?" पण तिचा चेहरा उजळला होता. शेपू परसात होता, कांद्याची पात होती, लिंबू होतं. राहिला एक पाला आणि एक तेल. इतक्यावर माणूस वाचत असेल तर स्वस्तच होतं. त्या दिवसांत ज्वारी कंट्रोलची, माणशी मोजून आणि खड्यांसकट मिळत होती. पाल्यावर अजून कोणाची नजर गेलेली नव्हती.

पण सोजराबाईनं ही गोष्ट शेजारच्या अंबूबाईला सांगितली, आणि अंबूबाईला सांगितलेली गोष्ट चिखलीत कोणाला सांगायची राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात बाया जमल्या. मुळ्याचा पाला, हरभऱ्याची भाजी, करडीची कोवळी पानं, चाकवत, घोळ, पोकळा. एकीनं पपईचं पान आणलं, ते का, हे तिलाही सांगता येईना. रंगरावांनी लगेच ताबा घेतला. पाले ओळीनं मांडले आणि शेषरावाला समोर उभं केलं. "ओळख परेड हाये. घाबरू नोको. ज्यानं गुन्हा केला त्याच्यावर बोट ठेव."

शेषराव ओळीवरून चालत गेला. प्रत्येक पानाचा वास घेतला आणि प्रत्येकाला निर्दोष सोडलं. बाया हिरमुसून गेल्या. जाताना कोणीही आपला पाला उचलून नेला नाही, तो ढीग अंगणात तसाच राहिला. अंबूबाईची शेळी दुपारी दावं तोडून आली आणि तिनं तो सगळा ढीग खाल्ला. ज्यानं खायला हवं होतं त्यानं खाल्लं नाही, आणि जिनं खायला नको होतं तिनं पानही शिल्लक ठेवलं नाही. संध्याकाळी ती फुगली, पाय झाडले आणि मेली.

अंबूबाई विधवा बाई, पोटी मूल नाही. तिच्या घरात दुसरं बोलायला-चालायला कोणी नव्हतं. शेळीशेजारी बसून ती माणूस गेल्यासारखी रडू लागली. रंगरावांनी सल्ला दिला, सोजराबाईनं पाणी दिलं, मी नुसता उभा राहिलो. तेव्हा शेषराव ओसरीवरून उठला. कोणी सांगितलं नव्हतं. कोपऱ्यातली कुदळ घेतली, परसाच्या टोकाला गेला आणि खड्डा खणू लागला. इतका भराभर खणला आणि कडा इतक्या सरळ केल्या, की रंगरावांचा सल्ला अर्धाच राहिला. शेळी आत ठेवून त्यानं माती लोटली, हात धुतले आणि पुन्हा ओसरीवर येऊन बसला.

आता मागे फिरणं शक्य नव्हतं. घरात एक उपाशी माणूस होता, शेजारी एक रडणारी बाई, आणि रविवार जवळ येत चालला होता. मी दवाखान्यात कंपाउंडर उत्तमरावांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तो सलाद असन. साहेब लोक खातात. बुलढान्याले बंगल्यात लावते. अन् तेल म्हनता ते ऑलिव्ह ऑईल. ते आपल्यापाशी हाये."

"मग द्या की."

"असं कसं देता येते? औषध हाये ते. रोग पाह्यजे."

"मेहुणा जेवत नाही."

"हा रोग आमच्या पुस्तकात नाई."

बरीच हुज्जत झाली. शेवटी माझ्या नावावर कान दुखणे असं लिहायचं ठरलं. उत्तमराव इमानदार माणूस. लिहिलं तेवढं केलं पाहिजे, म्हणून त्यांनी मला बाकावर आडवं केलं, दोन्ही कानांत ते तेल घातलं, वर कापसाचे बोळे कोंबले आणि मग बाटली हातात दिली. कान चांगले असताना औषध घेतल्याचा परिणाम असा झाला की ते दुखू लागले. जळजळ अशी, की डोळ्यांतून पाणी येई. ऐकूही कमी यायला लागलं. याच अवस्थेत मी पुढच्या शनिवारी रजा काढून बुलढाण्याला निघालो.

मोटार कोळशाच्या धुरावर चालणारी. चढ आला की ती थांबे आणि आम्ही उतरून ढकलू. तिकीट काढून मी निम्मा रस्ता पायी आणि धक्के देत गेलो. बुलढाण्याला एका गोऱ्या साहेबाचा बंगला शोधून काढला. साहेब दौऱ्यावर होते. बागेत पुंजाजी नावाचा माळी पाणी देत होता, आणि त्याच्यामागे वाफ्यात तो पाला उभा होता. लांब, पातळ, हिरवागार. मला भरून आलं. उभ्या आयुष्यात भाजीकडे पाहून मला भरून आलेलं नाही.

पुंजाजी म्हणाला, "पाला त हाये. पन हुकमाबिगर पान तोडता येत नाई. तिकडे बाबूले विचारा."

बाबू व्हरांड्यात बसले होते. ते हळू बोलत आणि माझ्या कानांत बोळे. ऐकू न येणारा माणूस स्वतः मोठ्यानं बोलतो, हे मला त्या दिवशी कळलं. बाबूंनी काहीतरी विचारलं. मी ओरडून सांगितलं, "मेहुण्याला पाला खायचाय!" त्यांनी पुन्हा काही विचारलं. मी आणखी जोरात ओरडलो, "नाही, वेडा नाही! उद्या त्याचा सासरा येणार आहे, त्याच्या आत खाल्ला पाहिजे!"

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, बाबूंकडच्या कामासाठी आलेले, एक गृहस्थ बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. ते आमच्या शाळांचे तपासनीस होते.

मी नमस्कार केला. त्यांनीही केला. पुढच्या महिन्यात माझं हेडमास्तरपण त्यांच्या लेखणीतून उतरायचं होतं. बाबूंनी हातवारे करून मला समजावलं, की साहेब आल्यावर अर्ज करा, साहेब पंधरवड्यानं येतील.

मी मागच्या कुंपणाजवळून निघालो तेव्हा पुंजाजीनं हटकलं. "हे घ्या. जून झालं, तुरा आला त्याले. गाईले टाकनार होतो. त्याले हुकूम लागत नाई." मी तो जुडगा मिटलेल्या छत्रीत घातला, कारण मास्तरानं हातात पाला घेऊन बुलढाण्याच्या रस्त्यानं जावं हे मला बरं वाटेना. फाटकाशी तपासनीस साहेब गाठ पडले. सभ्य माणूस. माझी तब्येत विचारली, कानांची चौकशी केली, आणि म्हणाले, "ऊन फार आहे मास्तर, छत्री उघडा ना." मी नको म्हणालो, पण त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. त्यांनी मदत म्हणून स्वतःच छत्री घेऊन उघडली.

पाला त्यांच्या टोपीवर, खांद्यांवर आणि नव्या बुटांवर पडला. त्यांनी टोपी काढून झटकली. मी खाली बसून एकेक पान वेचलं. हेडमास्तरपण त्या वर्षी दुसऱ्याला मिळालं, आणि पुढच्या वर्षी तिसऱ्याला. माझ्या नावापुढे काय शेरा पडला तो मी पाहिलेला नाही, पण त्या साहेबांची नजर मी पाहिली आहे.

रविवारी सकाळी मी कानांतले बोळे काढले, सोजराबाईनं पाला धुतला आणि चिरायला घेतला. जून असल्यामुळे देठातून पांढरा चीक निघत होता. शेपू चिरला, पात चिरली, लिंबू पिळलं. तेलाची बाटली उघडली आणि घरभर कापराचा वास सुटला. उत्तमरावांचं ते तेल कानासाठीच तयार केलेलं होतं, त्यात कापूर घातला होता. माझ्या कानांची आग का होत होती त्याचा उलगडा झाला. सोजराबाई घाबरून म्हणाली, "हे त मानूस गेल्यावर वास येते तसं येऊन राह्यलं!" तिनं बाटली उंच धरली आणि सगळं तेल परसात ओतून दिलं. मग घरचं करडीचं तेल घातलं, कच्चंच.

तेवढ्यात उकंडराव आले. उंच, काळेसावळे, जाड मिशांचे. घोंगडीवर बसले, पाणी घेतलं, शेषरावाला न्याहाळू लागले. भिंतीवर रंगरावांचं डोकं आलं. सोजराबाईनं ताट आणून भावापुढे ठेवलं.

उकंडरावांनी ताटात पाहिलं. "हे काय हाये?"

मी म्हणालो, "ग्रीस देशातलं जेवण आहे. तिकडं..."

"मास्तर, मी शेतकरी मानूस हाये. पाला मले वळखू येते. माह्या जवायाले तुमी चारा चारून राह्यले?"

"त्यानंच मागितला होता," सोजराबाई दारातून म्हणाली.

"मागतला? मंग मी आयकलं ते खरंच हाये म्हना."

शेषराव ताटाकडे बघत होता. हात लावत नव्हता. मग तो बोलू लागला, कोणाकडे न बघता. आवाज अगदी साधा.

"बुढी होती एक. डोंगरातल्या गावात. आमची मोटार तिच्या दारात बंद पडली. हिवाळा होता. बाकीच्या गाड्या म्होरं गेल्या, खान्याचे डबे त्यायच्यातच. मी एकटा मोटारीपाशी राह्यलो. बुढीनं हे चिरून देलं. मारुली म्हने त्याले. दुसऱ्या दिवशीबी देलं. रोज देलं. मी तिले हातानं इचारो, तू? ती पोटावर हात फिरवून दाखवे, म्हंजे जेवली म्हनून. मले वाटे, हिच्या घरी भाकर असन, अजून काई असन. पावनचार म्हनून देते. मोटार सुदरली, मी गेलो. डबे घेतले अन् परत आलो, तिच्यासाठी."

भिंतीवरून रंगरावांनी विचारलं, "मंग?"

"घरात काईच नव्हतं. पीठ नाई, दाना नाई. चूल कवाची थंडी. वाफ्यात एक पान राह्यलं नव्हतं. तेवढंच तिचं अन्न होतं, अन् ते मी रोज खाल्लं होतं. तिले मीच मातीआड केलं."

मग त्यानं मान वर केली आणि बहिणीकडे पाहिलं. "अक्का मले वाढते अन् म्हनते, मी जेवली. तीबी पोटावर हात फिरवते."

सोजराबाई दाराची चौकट धरून उभी होती. कंट्रोलची ज्वारी घरात किती येते हे मला ठाऊक होतं. ती कशी पुरते हे मी कधी विचारलं नव्हतं.

शेषरावानं ताट उचलून तिच्यासमोर धरलं. "आधी तू खाय."

परक्या माणसांसमोर, नवऱ्याच्या आधी, ओसरीवर बसून जेवायचं! तिनं माझ्याकडे पाहिलं, उकंडरावांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. रंगरावांचं डोकं आपणहून खाली गेलं. ती खाली बसली आणि तिनं एक घास घेतला. पाला जून होता, कडू होता, करडीचं तेल कच्चं होतं. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिनं गिळला. दुसरा घेतला. रडत रडत तिनं अर्धं ताट खाल्लं, आणि मग उरलेलं शेषरावानं खाल्लं, सगळं, बोटानं ताट पुसून.

उकंडरावांनी पुसलेल्या ताटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "कोकिळा सोमवार करते, शनवार करते, तुमी गेले तवापासून. काडी झाली पोरगी. तिले काय सांगू?"

शेषराव म्हणाला, "तिले म्हना, जेव. माह्यापायी उपाशी राहू नोको."

"म्हंजे पाठवू नोको म्हनता?"

शेषराव ताट उचलून धुवायला परसात गेला. त्याला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. मी मध्ये पडलो, काहीतरी समजावू लागलो, पण त्या तेलापायी माझ्या कानांत सुरू झालेली घणघण अजून थांबली नव्हती आणि माझा आवाज पुन्हा चढला. उकंडरावांनी पटका डोक्याला गुंडाळला. पायरी उतरताना मला म्हणाले, "मानूस चांगला व्हता." आणि गेले.

त्या दिवसापासून शेषराव जेवू लागला, पण एका अटीवर. सोजराबाईनं शेजारी बसून पहिला घास घ्यायचा. अंबूबाईनं आळीभर सांगितलं, की मास्तराच्या घरात बाई आधी जेवते आणि मास्तर मागून. ते खरंही होतं. पहिल्या संध्याकाळी दोघांचं झाल्यावर मी चुलीपाशी गेलो आणि टोपलं उघडलं. एक भाकरी होती, तीही करपलेली, आणि कालवणाच्या भांड्याच्या तळाशी मिरच्यांचं पाणी. मी पुन्हा झाकण लावून पाहिलं, पुन्हा काढलं. तेवढंच होतं. मी जेवलो आणि सोजराबाईनं विचारलं तेव्हा पोट भरलं म्हणून सांगितलं.

कोकिळा आली नाही. उन्हाळ्यात रंगराव कुठल्याशा कामानं दुसरबीडकडे जाऊन आले. संध्याकाळी भिंतीवरून न बोलता ते फिरून दारातून आत आले, तेव्हाच मी समजलो. शेषराव आणि सोजराबाई जेवायला बसले होते. रंगराव टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"काडीमोड करून दुसऱ्या घरी देली तिले. सिंदखेडाकडे. शेतीवाडी हाये म्हनते."

शेषरावाचा हात भाकरीवर थांबला. सोजराबाईनं डोळे मिटले.

"तुमी पाह्यली काय तिले?" त्यानं विचारलं.

"पाह्यली. वावरात होती, बायाईसंगं."

"जेवते नं?"

रंगरावांना प्रश्न कळायला वेळ लागला. मग म्हणाले, "हाव. बांधावर बसून भाकर खाऊन राह्यली होती. मी डोयानं पाह्यलं."

शेषरावानं मान हलवली आणि बहिणीकडे पाहिलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि घास उचलला. मग त्यानं उचलला.